चायना ग्रास, बदाम आणि साखर : एका थंड वडीचा इतिहास

(ढोकी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



विषयाचं नाव वाचून काही जणांना हसू आलं असणार. ढोकीत इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की तेर यायला पाहिजे, निजामाचा काळ यायला पाहिजे, बार्शी लाइटची छोटी गाडी यायला पाहिजे. आणि आम्ही बोलणार आहोत चीनमधल्या एका गोड पदार्थावर, तोही आपल्या घरी कसा करायचा यावर. पण जरा दम धरा. तेर, निजाम आणि छोटी गाडी, तिघांनाही या एका ताटलीत आणायचं आम्ही ठरवून आलो आहोत.

आधी पदार्थ काय ते सांगतो. चिनी भाषेत त्याला शिंगरन दोउफू म्हणतात, जपानात आन्निन दोफू. पांढरीशुभ्र वडी, शंकरपाळ्यासारखी तिरकी कापलेली, थंडगार साखरपाण्यात सोडलेली. दाताखाली हलकेच तुटते आणि बदामाचा वास येतो. नावाचा सरळ अर्थ बदामाचं टोफू. आता गंमत पाहा. त्यात टोफू नाही. एवढं सोयाबीन पिकवणारा आपला जिल्हा, पण या पदार्थात सोयाबीनचा एक दाणा लागत नाही. टोफूसारखी दिसते म्हणून ते नाव. बदाम म्हणावा तर तोही मुळात बदाम नव्हे, जर्दाळूची कवची फोडल्यावर आत निघणारं बी. आणि वडी घट्ट बसते ती ज्याने, ते आपल्याकडे किराणा दुकानात चायना ग्रास या नावाने मिळतं. ते गवत नाही आणि चीनचंही म्हणता येत नाही.

म्हणजे तीन नावं, तिन्ही फसवी. किराणा मालाचं नाव हे बहुतेक वेळा विकणाऱ्याची किंवा विकत घेणाऱ्याची समजूत सांगतं, वस्तूचं गाव सांगत नाही. आपल्या मसाल्याच्या डब्यातच बघा. दालचिनी हा मूळ फारसी शब्द, दार-चिनी, म्हणजे चीनचं लाकूड. आणि उत्तम दालचिनी येते श्रीलंकेतून. कबाबचिनी जावा बेटाकडची. चोपचिनी तेवढी खरोखर चीनची. पूर्वेकडून जे येईल ते चिनी, असा एक सोपा हिशेब होता. हा घोळ नुसता भाषेचा असता तर आम्ही तुमचा तासभर घेतला नसता. स्वयंपाकघरात तो दोन ठिकाणी अंगाशी येतो. एक, तुमच्या घरात चालणार नाही अशी वस्तू नकळत पोटात जाऊ शकते. दुसरं, त्यातलं एक बी सरळ विषारी असू शकतं. दोन्हीकडे येतोच.

चायना ग्रासपासून सुरुवात करू. हे समुद्री शेवाळ आहे. काही तांबड्या शेवाळांना पाण्यात उकळलं की चिकट रस निघतो आणि निवल्यावर तो घट्ट होतो. जपानात याची थंड शेव करून खायची चाल जुनी. सांगतात ते असं : १६५८ च्या सुमारास क्योटोजवळ फुशिमी इथे मिनो तारोझाएमोन नावाचा एक खाणावळवाला होता. त्याने उरलेली जेली हिवाळ्यात बाहेर टाकून दिली. रात्री ती गोठली, दिवसा वितळून वाळली, आणि काही दिवसांनी त्याला हलका, कोरडा, पांढरा भुगा सापडला. तो पुन्हा उकळला तर आधीपेक्षा स्वच्छ जेली तयार झाली, समुद्राचा वासही गेला. कथा घडली तशीच सांगितली जाते की नंतर रंगवली गेली, हा प्रश्न बाजूला ठेवू. पद्धत मात्र खरी आहे. गोठवणं आणि वाळवणं यातूनच हा माल टिकाऊ झाला, हलका झाला आणि प्रवासाला निघाला. जपानी नाव कान्तेन, म्हणजे थंड आभाळ. हे नाव ठेवलं ते चीनमधून आलेल्या इंगेन या झेन भिक्षूने, असंही सांगतात. अगर-अगर हा शब्द मलाय भाषेतला. आणि आपल्याकडे त्याचे वाळलेले दोरे गवतासारखे दिसले म्हणून चायना ग्रास. इंग्रजांच्या व्यापारात तर चायना ग्रास या नावाची आणखी एक वस्तू होती : रॅमी नावाच्या झाडाचा तागासारखा धागा. तो सोलायचं यंत्र बनवणाऱ्याला हिंदुस्थान सरकारने १८७० च्या सुमारास मोठं बक्षीस लावलं होतं. जुनी कागदपत्रं वाचताना चायना ग्रास दिसलं की लगेच खिरीची आठवण काढू नका, एवढंच सांगायचं.

आज भारतात अगर तयार होतं ते मुख्यतः तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या शेवाळापासून. रामेश्वर, मंडपम या भागातल्या बायका समुद्रात बुडी मारून हे शेवाळ काढतात. २०२० साली गलवाननंतर चिनी पदार्थांवर बहिष्काराची हाक दिली गेली, केंद्रातल्या एका मंत्र्यांनीसुद्धा दिली. त्या हिशेबाने चायना ग्रास दुकानातून हटवलं असतं तर फटका कोणाला बसला असता, याचा विचार करा.

आता याचं मोठं काम. १८८१ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर काम करत होते. जंतू वाढवायला ते जिलेटिन वापरत, आणि उन्हाळ्यात ते जिलेटिन पातळ व्हायचं. शिवाय काही जंतू त्याला खाऊनच टाकायचे. त्यांनी बायकोला विचारलं, तुझी जेली उन्हाळ्यात कशी टिकते? फॅनी हेसे फळांच्या जेलीत अगर घालत असत. जावात राहून आलेल्या डच ओळखीच्यांकडून त्या हे शिकल्या होत्या. त्यांनी ते सुचवलं आणि आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत जंतू अगरवर वाढवतात. लातूरला लघवीची किंवा घशाची तपासणी कल्चरला पाठवलीत तर ती याच चायना ग्रासच्या थरावर होते. कॉख यांनी १८८२ च्या क्षयरोगाच्या लेखात अगरचा उल्लेख केला. हेसे बाईंचा नाही केला. स्वयंपाकघरातून निघालेल्या शोधाचं बऱ्याचदा असंच होतं, याची आम्हाला दरवेळी नव्याने चीड येते.

कॉख यांची जी अडचण, तीच आपल्या वैशाखातली. जिलेटिन तिशीच्या पुढे तापमान गेलं की सुटायला लागतं. अगर एकदा बसलं की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. ढोकीच्या उन्हात जिलेटिनची वडी ताटलीतून वाटीत ओतावी लागेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जिलेटिन हे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात, गायीगुरांच्या किंवा डुकराच्या. वारकरी घर असो, लिंगायत असो, जैन असो की मुसलमान, प्रत्येकाला यात काही ना काही हरकत आहे. परदेशी कृतींमध्ये या बदामाच्या जेलीला सर्रास जिलेटिन सांगितलेलं असतं, आणि जेली या एका शब्दाखाली दोन्ही विकलं जातं. म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहा, आणि घटकांच्या यादीत अगर हा शब्द पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्या भागाला अगर नवं नाही. निजामाच्या मुलखात, दख्खनभर, मुसलमान घरांतून रमजानमध्ये दुधात चायना ग्रास लावण्याची रीत आहे. इफ्तारला त्या थंड वड्या असतात. जी कृती आपण शेजारच्या घरात पाहिलेली आहे तीच चीनमध्ये बदाम घालून होते, इतकंच.

आता तो बदाम. आणि इथे आम्हाला सावकाश बोलायचं आहे.

चीनमध्ये जर्दाळूच्या बियांना औषधात मोठं स्थान आहे. डोंग फेंग नावाच्या वैद्याची गोष्ट तिकडे पोरासोरांना माहीत असते. तो रोग्यांकडून पैसे घेत नसे; बरा झालास तर जर्दाळूचं झाड लाव म्हणे. मोठ्या आजाराला पाच झाडं, किरकोळाला एक. पुढे त्याचं वन झालं. अजूनही चिनी भाषेत जर्दाळूचं वन म्हणजे वैद्यकी. या बिया दोन प्रकारच्या, गोड आणि कडू. तिकडे त्यांना दक्षिणेकडची आणि उत्तरेकडची म्हणतात. कडू बीला जास्त वास असतो, आणि तोच वास आपण बदामाचा वास म्हणून ओळखतो. आपल्या साध्या बदामाला फारसा वास नसतोच, हुंगून बघा.

आपला निजामाशी संबंध इथे लागतो. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादी लग्नातलं मानाचं पक्वान्न म्हणजे खुबानी का मीठा. खुबानी म्हणजे जर्दाळूच. वाळलेल्या खुबानी रात्री भिजवायच्या, बिया काढायच्या, गर साखरेत शिजवायचा, आणि मग बसून एकेक बी फोडून आतला पांढरा दाणा वरून पेरायचा, सोबत मलई. पाहुण्याला वाटतं बदाम पेरलेत. म्हणजे जर्दाळूची बी बदाम म्हणून वाढायची युक्ती बीजिंग आणि हैदराबाद दोघांनाही ठाऊक होती. ती इकडून तिकडे गेली असं आम्ही म्हणत नाही. फळ मधल्या डोंगराळ मुलखातलं, दोन्हीकडे गेलं, आणि कवचीच्या आत काय आहे हे बघितल्याशिवाय कोणत्याही घरातली बाई ते फेकून देत नाही.

पण धोका. कडू बीमध्ये अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. बी चावली की त्यातून सायनाइड सुटतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली सांगितलं की मोठ्या माणसाने एका वेळी तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बिया खाल्ल्या तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि लहान लेकराला एक बीसुद्धा जास्त होऊ शकते. मोठ्या आकाराची असेल तर मोठ्या माणसालाही अर्धी पुष्कळ. हैदराबादी खुबानीची बी बहुधा गोड असते म्हणून घराघरांत ती खाल्ली गेली. पण ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात कोणती आहे, हे तुम्हाला दिसून कळणार नाही. कॅन्सरवर औषध म्हणूनही या कडू बिया विकल्या जातात. तसला कोणताही गुण सिद्ध झालेला नाही आणि विषबाधा मात्र झालेल्या आहेत. तेव्हा आमचं स्पष्ट मत : घरी करताना कडू बिया आणायच्याच नाहीत. साधे गोड बदाम घ्या, आणि वासासाठी बदाम इसेन्सचे दोन थेंब. आणि बदाम खाताना एखादा जहर कडू लागला तर मुलांनाही सांगून ठेवा, गिळायचा नाही, थुंकायचा.

साखरेबद्दल ढोकीत आम्ही काय सांगणार! तेरणा कारखान्याच्या भोंग्यावर ज्या गावाने घड्याळं लावली त्यांना उसाचं कौतुक बाहेरच्याने सांगू नये. एकच गोष्ट सांगतो. सातव्या शतकात, इ. स. ६४७ मध्ये, चीनच्या ताइझोंग बादशहाने मगधात माणसं पाठवली, उसाचा रस आटवून साखर कशी करतात ते शिकायला. तिकडच्या राजवंशाच्या बखरीत ही नोंद आहे. विद्या इकडून तिकडे गेली. आणि पुढे उत्तरेकडे पांढऱ्या साखरेला नाव पडलं चिनी! खड्याच्या साखरेला मिस्री, म्हणजे इजिप्तची. आपण मराठी लोकांनी साखर हा शब्द धरून ठेवला, शर्करेपासून आलेला. यात आपला काही पराक्रम नाही, पण बरं वाटतं.

आणि चीनशी आपली गाठ त्याहूनही जुनी आहे, इथून जवळच. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने पेरिप्लस नावाचा प्रवासग्रंथ लिहिला. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथून जाडंभरडं कापड, मलमल असा माल गाड्यांवर घालून खडतर वाटांनी भडोचच्या बंदरात नेतात, असं लिहिलंय. त्याच ग्रंथात पुढे थिन नावाच्या देशातलं रेशीम बल्ख मार्गे भडोचला येतं अशीही नोंद आहे. थिन म्हणजे चीन. तेरच्या गाडीवाल्याने भडोचच्या धक्क्यावर चिनी रेशमाचा गठ्ठा पाहिला असेल, असं म्हणायला आम्हाला अडचण वाटत नाही. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन या, त्या काळची मडकी, मणी, हस्तिदंताची बाहुली सगळं काचेआड ठेवलेलं आहे.

राहिला थंडावा, आणि आपल्याकडे खरा पेच तोच. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात सोमेश्वराने लिहिलेल्या मानसोल्लासात राजाच्या पाण्यावर वेगळं प्रकरण आहे. अकबराच्या दरबारात सोऱ्याने पाणी गार करत, हे अबुल फजल सांगतो. १८३३ साली बोस्टनहून बर्फाचं जहाज कोलकात्याला लागलं, पुढच्या वर्षी मुंबईलाही बर्फ आला. हे सगळं राजेरजवाड्यांचं आणि साहेबलोकांचं. आपल्या वाट्याला कुंभाराचा माठ. तेर हे गोरोबाकाकांचं गाव, तिथे माठाचं मोल वेगळं सांगायला नको. कोरड्या हवेत माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कोकणात दमट हवेमुळे माठ असा लागू होत नाही. आपल्या कोरड्या मराठवाड्याला निसर्गाने दिलेली ही एवढीच सवलत.

पण माठात पाणी तर पाहिजे. बार्शी लाइटचे अडीच फुटी रूळ १८९७ मध्ये बार्शीला आले आणि १९११ मध्ये लातूरला पोचले, ढोकीवरून. किराणा, कापूस, धान्य, माणसं, सगळं त्या गाडीने नेलं. नंतर लाइन मोठी झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच वाटेने मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली. पहिल्या खेपेला दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. आपल्यापैकी अनेकांनी ती जाताना पाहिली असेल. अशा मुलखात ताटलीभर वडी गार करायला बादलीभर पाणी वापरा असं सांगणं आम्हाला जमणार नाही. म्हणून पुढची कृती माठाच्या तांब्याभर पाण्यात बसवली आहे.

चौघांपुरती घ्या. ५० ग्रॅम बदाम रात्री भिजवा, सकाळी साल काढा, पेलाभर म्हणजे २०० मिली पाण्यात अगदी बारीक वाटा आणि मलमलीतून पिळून घ्या. तेरच्या मलमलीची आठवण काढायला हरकत नाही. चोथा टाकू नका, कणकेत जातो. पाच ग्रॅम चायना ग्रास, म्हणजे नेहमीच्या दहाच्या पाकिटातलं अर्धं, कात्रीने बारीक करून १५० मिली पाण्यात अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर उकळत ठेवा. एकही दोरा दिसता कामा नये. आठ-दहा मिनिटं लागतात आणि घाई केली की वडीत कणी राहते. दुसऱ्या पातेल्यात २५० मिली दूध आणि तीन-चार मोठे चमचे साखर गरम करा, बदामाचं दूध त्यात घालून एक चटका द्या. आता दोन्ही गरम असतानाच एकत्र करा. थंड दुधात अगर ओतलं की जागच्या जागी गाठी होतात, सगळा जीव इथेच आहे. उतरवून इसेन्सचे दोन थेंब, आणि मिश्रण ताटात ओता.

फ्रीज असेल तर निवल्यावर तासभर ठेवा. नसेल तर परातीत माठाचं पाणी घालून त्यात ताट ठेवा, वर ओलं फडकं झाका, वाऱ्याला ठेवा. अगर चाळीस-पस्तीस अंशांच्या दरम्यान बसतं. मे महिन्यात आपल्या घरातली हवाच चाळिसाच्या वर असते, म्हणून हे पाणी लागतं. परातीतलं पाणी नंतर कुंडीला घाला. दोन पेले पाण्यात पाव पेला साखर उकळून पातळ पाक करून तोही गार करा. वड्या तिरक्या कापून पाकात सोडा. वर डाळिंबाचे दाणे, नाहीतर द्राक्षं. दुधाचा पदार्थ आहे, बिनफ्रीजचा असेल तर त्याच दुपारी संपवायचा.

वेळ थोडा आहे, दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न आला आहे की चायनीजच्या गाड्या सगळीकडे आल्या, मग हा पदार्थ का नाही आला? चांगला प्रश्न आहे. मंचुरियन हे १९७५ च्या सुमाराचं मुंबईचं पोर आहे, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांचं. ते चीनहून आलंच नव्हतं. आणि गाडीवर आग असते, थंडावा नसतो. हातगाडीवाल्याला दुपारभर वडी गार ठेवणं परवडत नाही. गाडीवरचा अजिनोमोटो मात्र १९०८ मध्ये जपानी इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रसातूनच ओळखला, म्हणजे शेवाळ तिथेही आहेच. मागून कोणी तरी विचारतंय, चायना ग्रास उपासाला चालतं का? ते तुमच्या घरातल्या मोठ्यांनी ठरवायचं. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चौघांचंही मूळ अमेरिकेतलं; त्यांना उपासाची परवानगी कोणी कधी दिली ते शोधायला निघालो तर आणखी एक व्याख्यान लागेल.

दुसरा प्रश्न ताईंचा : साखरेऐवजी गूळ घातला तर? दुधात घालू नका, गरम दूध गुळाने फाटण्याचा संभव असतो. वडीत साखर अर्धी करा आणि गुळाचा पातळ पाक वेगळा करून गाळून घ्या, पूर्ण निवल्यावर वड्यांवर ओता. रंग काळसर येतो, त्यात पांढरी वडी उठून दिसते. नवा गूळ असेल तर वेलदोड्याचीही गरज पडत नाही.